रोज जवळ बाळगायचं पिस्तूल: टेक्सासमधल्या नव्या मंडळींसाठी

ह्यूस्टनच्या आसपासच्या मराठी मंडळींत हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. एखाद्या डोहाळजेवणात किंवा गणपतीच्या पंगतीनंतर कोणीतरी बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं, "ताई, ग्रीन कार्ड आलं. एक पिस्तूल घ्यावं म्हणतोय. कुठलं घेऊ?"

मी गेली अकरा वर्षं पिस्तूल जवळ बाळगते आणि जमेल तसं नव्या लोकांना रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) घेऊन जाते. तरी मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. सुरुवातीला सांगायचे. त्यातल्या तिघांची पिस्तुलं आज कपाटात आहेत. दोनशे गोळ्यासुद्धा त्यांतून झाडलेल्या नाहीत, आणि एकाच्या घरात पाच वर्षांची मुलगी आहे. तेव्हापासून मी क्रम बदलला. "कुठलं घेऊ" हा प्रश्न माझ्याकडे आता चौथ्या पायरीवर येतो. आधीच्या तीन पायऱ्या ओलांडल्या नसतील तर तो विचारूच नका.

पहिली पायरी: पासपोर्टवर काय आहे?

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांपैकी काहीही असेल तर इथेच थांबा. हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसे आहेत आणि केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच मनाई आहे. टेक्सासचे कायदे कितीही मोकळे असले तरी यात फरक पडत नाही. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद कायद्यात आहे आणि रेंजवर तो फार सहजपणे सांगितला जातो. त्याच्या भरवशावर काही करायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला फी देऊन विचारा. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढलेल्या माणसाने रेंजच्या काउंटरवरचा सल्ला घेऊन चालत नाही.

"जवळ ठेवणं" म्हणजे विकत घेणं एवढंच नव्हे. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही त्यात येतं. ऑफिसच्या टीमबरोबर हौसेने जाऊन फोटो टाकणारी आपली मुलं बघते तेव्हा पोटात गोळा येतो.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल आणि गुन्ह्याची वगैरे भानगड नसेल, तर दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. इतकंच.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात ते बी-२ व्हिसावर. तोही नॉन-इमिग्रंटच. "कधी गरज पडली तर" म्हणून त्यांना पिस्तूल ठेवायच्या कुलपी पेटीचा नंबर सांगून ठेवू नका. त्यांना पेटी कुठे आहे हेही माहीत नसलेलं बरं.

हा लेख टेक्सासपुरता आहे. एडिसनच्या किंवा फ्रीमाँटच्या नातेवाइकाला तो जसाच्या तसा पाठवू नका. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे नियम पूर्ण वेगळे आहेत, आणि टेक्सासचा पिस्तूल बाळगायचा परवाना त्या दोन्ही राज्यांत चालत नाही.

दुसरी पायरी: पेटी

पिस्तुलाच्या आधी पेटी विकत घ्या. बेडरूममध्ये भिंतीला किंवा जड फर्निचरला बोल्टने आवळता येईल अशी, पोलादी. मला बटणांची यांत्रिक पेटी आवडते. बोटाच्या ठशाची होती, ती मी दुसऱ्या वर्षी बदलली. कणीक मळून आलेल्या हातांनी ती तीनदा प्रयत्न केल्यावर उघडायची.

टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल अशा ठिकाणी ते ठेवलं, तर तो तुमचा गुन्हा ठरतो. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या घरांत माणसांची ये-जा किती असते बघा. शनिवारी सहा कुटुंबं जेवायला येतात, मुलं वरच्या मजल्यावर लपाछपी खेळतात, आणि लपायला सगळ्यात आवडती जागा म्हणजे काका-काकूंच्या बेडरूममधलं कपाट. "आमची मुलं हात लावत नाहीत" हे खरं असेल, पण पाहुण्यांची मुलं?

दुसरी छोटी पेटी गाडीसाठी, सीटच्या लोखंडी पायाला तारेच्या दोराने बांधलेली. ती का लागते ते पुढे येईल.

तिसरी पायरी: पिस्तूल न घेता शिकणं

नवशिक्यांच्या वर्गात नाव घाला. तिथे पहिला तास चार नियमांचा असतो. अमेरिकन मरीन जेफ कूपर यांनी ते रूढ केले: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. जे नष्ट करायची तयारी नाही त्याकडे नळी वळवू नका. नेम धरल्याशिवाय चापावर बोट ठेवू नका. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. हे नियम पाठ होणं सोपं आहे. अंगवळणी पडायला काही महिने लागतात.

पिस्तूल रिकामं करण्याचा क्रम तर झोपेतसुद्धा चुकता कामा नये. आधी मॅगझीन (मुठीत बसणारा गोळ्यांचा डबा) बाहेर. मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे. मग चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते त्या घरात) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. नवी माणसं हमखास उलटं करतात. आधी स्लाइड ओढतात, एक गोळी बाहेर उडते, मग मॅगझीन काढतात आणि समजतात की झालं रिकामं. पण स्लाइड परत पुढे जाताना तिने मॅगझीनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये ढकललेली असते. मॅगझीन बाहेर, आत गोळी, आणि हातातलं पिस्तूल "रिकामं". अशीच गोळी सुटून भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते.

स्लाइड ओढणं जमत नाही म्हणून बऱ्याच बायका पिस्तुलाचा नाद सोडतात. ते ताकदीपेक्षा पद्धतीचं काम आहे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढू नका. डाव्या हाताचा पूर्ण पंजा वरून स्लाइडवर बसवा, कोपर छातीजवळ घ्या आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलायला जोर जास्त मिळतो. जात्याचा खुंटा हाताने ओढायचा नसतो, अंगाच्या वजनाने फिरवायचा असतो, तसंच. माझ्या साठीतल्या जाऊबाईंना हे दहा मिनिटांत जमलं.

चौथी पायरी: आता विचारा, कुठलं?

भारतातून येताना आपण बत्तीस बोअर हा शब्द घेऊन येतो. साताऱ्याला माझ्या मामांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर होतं. कानपूरचं हत्यार आणि खडकीच्या कारखान्याची काडतुसं. तिथे ९ मिमी सामान्य माणसासाठी बंद, त्यामुळे .३२ हेच माप डोक्यात बसलेलं. इथे उलटी परिस्थिती आहे. ९ मिमीची काडतुसं सगळ्यात मुबलक आणि सरावाला सगळ्यात स्वस्त. .३८ स्पेशल त्याहून महाग पडतं. पहिल्या वर्षात हजारभर गोळ्या झाडायच्या असतील, आणि झाडायच्याच आहेत, तर हा हिशेब महत्त्वाचा.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. रिव्हॉल्व्हरचं आकर्षण मला समजतं. फिरतं चक्र, पाच घरं, गोळी आहे की नाही ते उघडून दिसतं. मॅगझीन नाही, स्लाइड नाही. एखादी गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. खिशातून किंवा पर्समधून अगदी अंगाला चिकटवून चालवलं तरी अडकत नाही, जे पिस्तुलाच्या स्लाइडबाबत खात्रीने सांगता येत नाही.

स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे त्या जातीचं सगळ्यात ओळखीचं हत्यार. ॲल्युमिनियमची चौकट, जेमतेम ४१० ग्रॅम, पावणेदोन इंचाच्या आसपास नळी, आणि घोडा आत झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. रूगरचं एलसीआर २००९ मध्ये आलं. ते त्याहून हलकं, आणि त्याचा चाप कारखान्यातूनच मऊ येतो. दोन्ही बाळगायला इतकी सुखाची की संध्याकाळपर्यंत विसरायला होतं.

पण चालवायला? माझं पहिलं हत्यार ६४२ होतं. दुकानात "बायकांसाठी छान, हलकं" म्हणून हातात दिलं आणि मी घेतलं. पहिल्या दिवशी रेंजवर ५० गोळ्या झाडायच्या ठरवल्या होत्या, तिसाव्या गोळीला अंगठा आणि तर्जनीमधली जागा सुजली होती. हत्यार जितकं हलकं, तितका धक्का हाताला जास्त. शिवाय त्याचा चाप ओढायला साडेपाच किलोच्या आसपास जोर लागतो. हत्यारच अर्ध्या किलोच्या आत, त्यामुळे ओढता ओढता नळी हलते. सात यार्डांवर माझ्या गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळातसुद्धा बसत नव्हत्या. ही दोन्ही हत्यारं उत्तम आहेत, पण ती मुरलेल्या हाताची आहेत. नव्या माणसाला रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर मी पूर्ण पोलादी रूगर एसपी-१०१ हातात देते. सातशे ग्रॅमच्या वर वजन आहे आणि त्यात .३८ स्पेशल काडतुसं घातली की धक्का अगदी मवाळ होतो. कमरेला ते जाणवतं, पण सराव होतो.

पिस्तुलांत ग्लॉक १९ हे माझं मापाचं माप. १९८८ पासून बाजारात आहे, मॅगझीनमध्ये १५ गोळ्या, रिकामं असताना ६०० ग्रॅमच्या आसपास. रेंजवर ज्यांना काहीच ठरवता येत नाही त्यांना मी आधी हे चालवायला लावते, कारण मोठी मूठ आणि पुरेसं वजन असल्यामुळे हाताची चूक आणि हत्याराची चूक वेगळी काढता येते. बाहेर सुरक्षेचा खटका नाही, म्हणजे सुरक्षितता सगळी तुमच्या बोटावर आणि होल्स्टरवर (पिस्तूल अडकवायच्या म्यानावर). काहींना ते पटत नाही, आणि पटत नसेल तर जबरदस्तीने घेऊ नये.

रोज बाळगायला मात्र मी आज सिग सॉअर पी-३६५ वापरते. २०१८ मध्ये ते आलं तेव्हा लोक चकित झाले होते, कारण तळहाताएवढ्या पिस्तुलात १० गोळ्या बसवल्या होत्या. तोवर त्या आकारात सहा-सात बसायच्या. साधारण अर्धा किलो. ग्लॉक १९ पेक्षा धक्का जाणवतो, पण शंभर गोळ्या झाडून घरी येऊन पोळ्या लाटता येतात. स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस आणि ग्लॉक ४३एक्स याच वर्गातली, तितकीच भरवशाची. तिघांत मूठ कुणाच्या हातात कशी बसते एवढाच प्रश्न. माझा पंजा लहान आहे, म्हणून सिग. माझ्या नवऱ्याची करंगळी त्याच्या मुठीखाली लोंबते, तो ४३एक्स वापरतो.

ज्यांच्या मनगटात संधिवात आहे, त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड मालिका बघा. स्लाइड खरोखरच हलकी आहे, आणि पंजाने मूठ पूर्ण आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. .३८० मध्ये आणि ९ मिमीमध्ये दोन्हीत मिळतं.

रूगर एलसीपीसारखी खिशात मावणारी इवलीशी .३८० पिस्तुलं नव्याने घेणाऱ्यांना भुरळ घालतात. दुसरं हत्यार म्हणून ठीक. पहिलं म्हणून नको, ६४२ नको म्हटलं त्याच कारणाने.

यांतली बहुतेक हत्यारं ४०० ते ७०० डॉलरांत मिळतात. घेण्याआधी भाड्याने प्रत्येकी निदान ५० गोळ्या झाडा आणि कागद घरी आणून जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. कुठलं आवडलं हे विचारायचीसुद्धा गरज राहत नाही, भोकं सांगतात.

दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेतून तुमची पडताळणी करतो. टेक्सासमध्ये थांबण्याची मुदत नाही, बहुतेकदा त्याच दिवशी हातात मिळतं. फॉर्मवर एकही उत्तर अंदाजाने देऊ नका. आणि मित्राचा व्हिसा अडतोय म्हणून त्याच्यासाठी आपल्या नावावर घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे, मैत्री कितीही जुनी असो.

गोळ्या दोन प्रकारच्या लागतील. सरावाला साधी गोल टोकाची, आणि बाळगायला पोकळ टोकाची. पोकळ टोक शरीरात फुलतं आणि थांबतं. साधी गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. बाळगायच्या गोळ्याही थोड्या झाडून बघा, तुमच्या पिस्तुलात त्या नीट सरकतात याची खात्री हवी.

पाचवी पायरी: होल्स्टर, पट्टा आणि ओढणी

लोक पिस्तुलावर सहाशे डॉलर घालतात आणि होल्स्टर पंधरा डॉलरांचं कापडी घेतात. मग दोन आठवड्यांत टोचतं, घसरतं, आणि पिस्तूल कपाटात जातं. होल्स्टर कडक प्लास्टिकचं, त्याच मॉडेलच्या मापाचं, आणि चापाचा भाग पूर्ण झाकणारं हवं. पट्टा दीड इंची आणि कडक, जीन्सबरोबर मिळतो तो नव्हे.

पुरुषांचं इथे भागतं. आपल्या बायकांचा प्रश्न पुढे सुरू होतो, कारण सलवार-कुडत्याला पट्टाच नसतो. पर्समध्ये ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. पर्स आपण मंदिरात चप्पलांजवळ ठेवतो, दुकानात ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीच्या लहान मुलाला त्यातून खाऊ काढायला सांगतो. मी कुडत्याच्या आत पोटाभोवती रुंद लवचिक पट्टा बांधते आणि त्यावर कडक होल्स्टरची क्लिप अडकवते. कुडता थोडा सैल, नक्षीचा किंवा गडद रंगाचा असला की बाहेरून काही दिसत नाही. साडीत माझं कधी जमलेलं नाही. साडी नेसते त्या दिवशी पिस्तूल पेटीत राहतं.

ओढणीबद्दल मात्र कळकळीने सांगते. पिस्तूल होल्स्टरमध्ये परत घालताना बरेच अपघात होतात. एकदा आरशासमोर सराव करताना, पिस्तूल रिकामं असताना, माझ्या ओढणीचं टोक होल्स्टरमध्ये शिरलं आणि चापाभोवती गुंडाळलं गेलं. मी खाली दाबलं आणि टक असा आवाज आला. भरलेलं असतं तर गोळी मांडीतून गेली असती. त्या दिवसापासून ओढणी आधी काढून ठेवायची. मग डाव्या हाताने कुडता छातीपर्यंत वर, बोट सरळ बाहेर, मान खाली घालून होल्स्टरच्या तोंडात बघायचं, आणि मगच हळू घालायचं. पुरुषांच्या जॅकेटची नाडी असंच करते. परत घालायची घाई कधीही नसते.

घरी कोरडा सराव रोज दहा मिनिटं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दार बंद. पिस्तूल दोनदा तपासायचं. समोर भक्कम भिंत. स्लाइडवर पुढच्या बाजूला एक नाणं ठेवा आणि ते न पाडता चाप ओढा. रेंजवर जेवढं शिकत नाही तेवढं हे नाणं शिकवतं.

सहावी पायरी: परवाना आणि पाट्या

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरीही परवाना काढा. वर्ग चार ते सहा तासांचा, राज्याची फी ४० डॉलर. नेमबाजीची परीक्षा ५० गोळ्यांची, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. परवाना का? शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. केटी किंवा फ्रिस्कोमध्ये शाळा ओलांडल्याशिवाय किराणा आणायला तरी जाता येतं का? शिवाय इतर अनेक राज्यं हा परवाना मानतात.

दारावरच्या पाट्या वाचायची सवय लावा. ३०.०६ म्हणजे परवानाधारकालाही लपवून आणायला मनाई. ३०.०७ म्हणजे उघड बाळगायला मनाई. दारू विकणाऱ्या ठिकाणी लाल ५१ टक्क्यांची पाटी असेल तर आत नेणं गुन्हा आहे. काही मंदिरं आणि हॉल ३०.०६ किंवा ३०.०७ ची पाटी लावतात. कार्यक्रमाच्या आधी चौकशी करा. गाडीतली पेटी याच वेळेसाठी, आणि पिस्तूल त्यात घरून निघतानाच ठेवायचं. पार्किंगमध्ये चारचौघांसमोर काढून ठेवलं तर चोराला पत्ता दिल्यासारखं होतं.

पोलिसाने गाडी थांबवली तर काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. लायसन्स मागितलं की पिस्तुलाचा परवानाही सोबत द्या आणि पिस्तूल कुठे आहे ते शांतपणे सांगा. ते दाखवायला हात तिकडे नेऊ नका.

सातवी: भारतात जाताना

रेंजला न्यायची पिशवी वेगळी ठेवा आणि ती फक्त रेंजलाच न्या. लॅपटॉपची जुनी बॅग, मुलाचं जुनं दप्तर असलं काही त्यासाठी वापरू नका. डॅलस आणि ह्यूस्टनच्या विमानतळांवर विसरून बॅगेत राहिलेली पिस्तुलं सापडतात आणि दंड हजारो डॉलरांत जातो. मुंबईत तर पिस्तूलही लागत नाही. अस्तराच्या फाटलेल्या कोपऱ्यात अडकलेलं एक जिवंत काडतूस पुरतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि "मला माहीत नव्हतं" हे पटवून देण्यासाठी कोर्टात जावं लागतं. तोवर परतीचं तिकीट, रजा, नोकरी सगळं टांगणीला.

माझ्याकडे निळी कॅनव्हासची पिशवी आहे. ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते आणि सामानाच्या कपाटापर्यंत कधीच येत नाही. तरीसुद्धा निघायच्या आदल्या रात्री मी प्रत्येक बॅग उलटी करून झटकते आणि प्रत्येक कप्प्यात हात घालून बघते. दोन वर्षांपूर्वी जॅकेटच्या आतल्या खिशात ९ मिमीचं एक काडतूस सापडलं होतं. ते जॅकेट मी विमानात घालायला काढून ठेवलं होतं.